गोरज, सहा सदतीस

लक्ष्मीपुरीतल्या आमच्या छापखान्यात
हा शब्द कधी नव्यानं जुळवावा लागत नाही.
'गोरज मुहूर्तावर' तयारच पडलेला असतो
कॉम्प्युटरच्या एका फाईलीत,
गणपतीच्या सात चित्रांखाली.
फक्त वेळ बदलायची:
सहा बावीस. सहा एकतीस.

बावीस वर्षांत कुणी अर्थ विचारला नव्हता.
येसबा गवळ्यानं विचारला,
केतकीच्या पत्रिकेचं प्रूफ
डोळ्यांपासून हातभर लांब धरून:
"ह्यो गोरज म्हंजे कोन ओ?
भटजी म्हनले लिवा, म्हनून लिवलं."

मी सांगितलं, शाळेत कानावर पडलेलं.
गो म्हणजे गाय, रज म्हणजे धूळ.
दिवस कलला की गाई रानातून घराकडे वळतात,
खुरांखालची धूळ उठते,
उन्हं तिच्यातून तिरपी गाळून येतात,
आणि घटकाभर गाव स्वतःलाच ओळखत नाही.
घड्याळं नव्हती तेव्हा,
गाई आल्या की ती वेळ झाली.

बोलता बोलता मलाच चढलं.
म्हटलं, ऐका तर.
गाई उभ्या राहायच्या ते गोष्ठ, त्याचा झाला गोठा.
तिथंच माणसं जमून बोलत बसली,
त्यांच्या बोलण्याची झाली गोष्ट.
गाईच्या डोळ्यासारखी खिडकी ते गवाक्ष.
हरवलेली गाय शोधत हिंडणं ती गवेषणा,
आता विद्यापीठात तिचा पगार मिळतो.

येसबा हसला नाही.
"समदं गाईचंच," म्हणाला.
"आमच्यात चार पिढ्या म्हशी.
गंगावेशीत कट्ट्यावर लोक पेला धरून उभारत्यात,
ते कुनाच्या धारंसाठी?
म्हशीचा एक तरी शबुद सांगा."

आठवले ते सांगण्याजोगे नव्हते.
म्हशीसारखं डुंबणं. म्हशीसारखं सुस्तावणं.
आणि संस्कृतात शिरलं की महिष,
तो तर इथं आपल्याच देवीच्या पायाखाली.

"आनि धुरळा म्हनताय," तोच पुढं म्हणाला,
"म्हशीचा धुरळा उडत न्हाई.
पंचगंगेतनं वर आल्या की पानी गळतंय अंगावरनं,
घरापतुर रस्ता वला.
मागनं येनाऱ्याला कळतंय,
आत्ताच गेल्या."

मी मनात जुळवून पाहिलं: महिषजल मुहूर्त.
बाटलीबंद पाण्याचं नाव वाटलं.

खरं तर गोरज मीही पाहिलेला नाही.
आमच्या गावचं गायरान
मी चौथीत असताना मोजून गेलं;
चुन्याच्या रेघांवरून आम्ही लंगडी खेळलो.
मास्तर मात्र फळ्याकडे पाठ करून
ती धूळ अशी काही सांगायचे
की आम्ही खोकायचो.

जाता जाता येसबा दारात थबकला.
"सहा सदतीस म्हंजे धारंची वेळ की ओ.
त्या वक्ताला गवळी कुठला रिकामा?
शबुद केला त्यानं
कंदी धार काढली नसनार."

लग्नाला मी गेलो.
कार्यालयाच्या अंगणात धूळ होती,
स्कूटरी लावणाऱ्यांची.
सहा पस्तीस. सहा सदतीस. सहा एक्केचाळीस.
भटजी माईकवरून मुलीच्या वडलांना बोलावत होते.
भुरी दुसऱ्याच्या हाताला पान्हा सोडत नाही,
एवढंच कुणीतरी मागच्या रांगेत पुटपुटलं.

मग तो आला.
फेटा नीट, सदरा कोरा,
धोतराचा सोगा गुडघ्यापर्यंत भिजलेला.
लाल गालिच्यावर, दारापासून अंतरपाटापर्यंत,
ओल्या पावलांची रांग.

फोटोग्राफर म्हणाला, आधी पुसून घ्या.